आण्णांची कवळी

"वैजू, ती प्लेट काढ आता तोंडातनं. पानं वाढायला लागलेत," गजराआत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली.

"डबी दे मग."

"डबी बॅगेत, आणि बॅग जीपमध्ये. साखरपुड्याची नवरी गुलाबी डबी हातात धरून बसणार होय? शिंगट्यांच्या बायका नुसत्या टपून बसल्यात. काढ आणि ठेव कुठंतरी."

कुठंतरी म्हणजे कुठं, हे आत्याला विचारण्यात अर्थ नव्हता. आत्याचा सगळा जन्म कुठंतरी, कसंतरी, काहीतरी करून गेला होता. हे स्थळही तिनं तसंच जमवलं होतं. तार दिसू नये म्हणून सकाळपासून मी ओठ मिटूनच होते. आता तोंडापुढं पदर धरला, खोकल्याचं सोंग केलं आणि जिभेनं प्लेट सोडवून मुठीत घेतली. डावीकडं नवरामुलगा, समोर फोटोवाला, उजवीकडं होणारी नणंद शोभा, आणि पाठीमागं पाहुण्यांच्या दहा बायका. मूठ किती वेळ झाकून ठेवणार? वाढपी पुढ्यात आला तशी मी ती ओली प्लेट पत्रावळीच्या दुमडलेल्या कडेच्या आत सरकवली आणि शहाण्या मुलीसारखी हात जोडून बसले.

ही प्लेट काय भानगड होती ते आधी सांगते.

माझे वरचे दात लहानपणी इतके पुढं होते, की विट्याच्या शाळेत मला 'किसणी' म्हणायचे. पावसात गेलीस तर ओठ भिजायच्या आधी दात भिजतील, असं आमचे गणिताचे मास्तर भर वर्गात म्हणाले होते. फार विनोदी माणूस, स्वतःला पाढे धड येत नव्हते. मी हसायचं सोडलं. हसू आलंच तर तळहात आपोआप तोंडावर जायचा. घरात सगळ्यांचं मत एकच, की मुलीची जात आहे, तोंड मिटून राहिली तर बिघडलं कुठं? फक्त आण्णांचं तसं नव्हतं.

आण्णा म्हणजे माझे वडील, रंगराव मोहिते, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांचे स्वतःचे दात म्हणजे गावाला माहीत असलेली गोष्ट होती. पेरंपेर ऊस दातांनी सोलायचे, सुपारी अडकित्त्याविना फोडायचे, सोड्याच्या बाटलीचं बूच दातांनी उडवायचे आणि वर बत्तीस दाखवून हसायचे. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा डेपोतल्या कुणाकडून तरी त्यांना कळलं, की मिरजेत दात सरळ करणारे डॉक्टर आहेत. दुसऱ्याच सुट्टीला मला घेऊन गेले.

"बाराव्या-तेराव्या वर्षी आणलं असतं तर लवकर झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण उशीर झाला असं नाही. हाड आणि हिरड्या चांगल्या असल्या की मोठ्या माणसाचेही दात सरकतात. वेळ जास्त लागतो इतकंच. जागा करायला चार दात काढावे लागतील."

"एकदम जोर लावला तर लवकर नाही व्हायचं?" आत्यानं विचारलं. ती उगीचच बरोबर आली होती.

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आतच आण्णा म्हणाले, "अगं, एकदम नट आवळला की आटे जातात. जरा जरा पिळायचं. व्हय ना डॉक्टर?"

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते आण्णांना सहकारी समजायला लागले.

अडीच वर्षं आण्णांनी महिन्याची एक सुट्टी मिरजेच्या एसटीत घालवली. तार आवळून घेतली की दोन दिवस मला वरणभातही चावायचा नाही, मग आई भात कालवून मऊ करून द्यायची. शेवटी तारा निघाल्या. आरशात बघितलं आणि मी हसले, आणि पहिल्यांदाच हात खालीच राहिला. डॉक्टरांनी तेव्हाच ही प्लेट दिली. टाळूला चिकटणारं गुलाबी प्लास्टिक, पुढनं एक बारीक तार.

"तारा निघाल्या म्हणजे काम संपलं असं समजू नका," ते म्हणाले. "दात मोकळे सुटले की जुन्या जागेकडं निघतात. वर्षभर ही दिवसरात्र घालायची. फक्त जेवताना काढायची. आणि गरम पाण्यानं धुवायची नाही, वाकडी होते."

आण्णांनी मान डोलावली. त्यांनी हे सगळं मंत्रासारखं पाठ केलं होतं.

दीड महिन्यातच आत्या कराडच्या शिंगट्यांचं स्थळ घेऊन आली. मुलगा धैर्यशील, बँकेत अधिकारी. दाखवायच्या कार्यक्रमात त्याच्या आईनं, अक्कासाहेबांनी, मला नाव विचारायच्या आधी "हस बघू" म्हणून सांगितलं. बैल घ्यायला आलेला माणूसही आधी पाठीवर हात फिरवतो. प्लेट आत्यानं आधीच काढायला लावली होती. मी हसले.

"छान आहेत," अक्कासाहेब म्हणाल्या. "आम्ही दातांचं बघतो बाई. आमच्या घराण्यात आजवर वाकडा दात आला नाही. मागं एक मुलगी बघितली, तर दातांवर क्लिपा! चहा न घेता उठलो आम्ही. तारांनी दात सरळ होतात, रक्त होतं का? पोरांना उतरतंच ते."

हे सगळं त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचे स्वतःचे दात मिश्री लावून लावून तव्यासारखे काळे दिसत होते. पण ते घराण्याचे दात, त्यामुळे चालत असावेत.

आमच्याकडून कुणीतरी खरं बोलायला हवं होतं. आण्णांनी तोंड उघडलंही होतं. पण आत्या मध्येच म्हणाली, "आमच्या वैजूचे उपजतच असे. मोत्याची सर!" झालं. एकदा मोत्याची सर म्हटल्यावर मिरज, चार दात आणि अडीच वर्षं सगळं पोटात गेलं. परतताना अक्कासाहेबांनी दारात बजावलंही, की आम्हाला लपवाछपवी चालत नाही, मांडवातूनही परत जाऊ. त्या मागं एकदा गेल्याही होत्या म्हणे, आणि ते त्या अभिमानानं सांगत होत्या.

तर अशा घरात मला जायचं होतं. आणि माझं मन काय म्हणत होतं? खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. मुलगा गोरा होता, बँकेत होता, आणि मला हसताना बघून त्यानं पसंत केलं होतं. किसणीला आणखी काय पाहिजे?

पंगत उठायला लागली. मी पत्रावळीकडं हात नेला, तेवढ्यात शोभा खिदळत पुढं आली.

"अय्या वहिनी, आज तुम्ही पान उचलायचं नाही! आज नवरीचं पान करवलीनं उचलायचं."

हा मान त्यांच्याकडचा. कुठल्या आजीनं काढला होता कोण जाणे. तिनं माझी पत्रावळ दोन्ही बाजूंनी दुमडली, तिच्यावर स्वतःची ठेवली, वर भावाची ठेवली आणि गेली सुद्धा. मी "अहो" म्हणेपर्यंत ती कार्यालयाच्या मागच्या दारातून रिकाम्या हातानं परतही आली.

हात धुवायच्या निमित्तानं मी मागं गेले. मागं पत्रावळ्यांचा कमरेएवढा ढीग, वर माश्या, बाजूला दोन कुत्री. आण्णा नळाशी उभे होते. पांढरा नेहरू शर्ट, डोक्याला गुलाबी फेटा, चेहऱ्यावर मुलीचं चांगलं झाल्याचं समाधान.

"आण्णा, प्लेट पत्रावळीत गेली."

त्यांनी एकदा ढिगाकडं बघितलं. रागावले नाहीत. "कुणी उचलली?"

"शोभानं. तीन पानं एकत्र आहेत."

"मग वरच्या बाजूलाच असेल. तू आत जा. अंगठी दाखवत बस बायकांना."

"राहू दे आण्णा, कुणी बघितलं तर लग्न मोडेल. नवी करून घेऊ."

"नवी व्हायला पंधरा दिवस जातात. तोवर दात काय माझी वाट बघत थांबणार हायत? अडीच वर्षं घातली त्यात." त्यांनी बाह्या सरकवल्या. "जा म्हटलं ना."

मी गेले नाही. मागच्या दारात उभी राहून बघत राहिले. माझे आण्णा नवा शर्ट घालून उकिडवे बसले आणि एकेक उष्टी पत्रावळ उलगडून बघायला लागले. जिलेबीचा पाक, मठ्ठा, वरण सगळं मनगटापर्यंत. एका कुत्र्याला त्यांनी कोपरानं ढकललं.

आणि नेमके तेव्हाच बापूकाका आले. बापूकाका म्हणजे धैर्यशीलचे चुलते. प्रत्येक घराण्यात एक माणूस असतो, ज्याला कुणी काही विचारत नाही आणि जो सगळ्याचं सांगतो, तसे ते होते. पान थुंकायला आले आणि थबकले.

"व्याही! अहो, हे काय चाललंय? काय हरवलं?"

त्यांचा आवाज ऐकून मागोमाग चारपाच जण आले. अक्कासाहेब आल्या. धैर्यशील आला. आण्णा उठून उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात प्लेट होती. वरणानं माखलेली, पण तार चमकत होती.

"बघू काय आहे ते," बापूकाका म्हणाले.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. दहा पावलांवर मी होते. मला अजून आठवतं, ते रागानं नव्हते बघत, विनवणीनंही नव्हते. तू सांगतेस का मी सांगू, असं घरात विचारतात ना, तसं बघत होते. मी मान खाली घातली आणि हातावरची मेंदी बघायला लागले. मेंदी मोठी सुरेख रंगली होती.

"कवळी हाय माझी," आण्णा मूठ मिटून, फेट्याचा शेमला तोंडापुढं धरत म्हणाले.

"कवळी? तुम्हाला?"

"वरचे दात गेलेत माझे. जेवताना काढून ठेवली, पानातनं गेली."

बापूकाका जे हसायला लागले ते मांडीवर थापा मारूनच. "अहो, पन्नाशीत बोळकं! आणि आम्ही म्हणतोय व्याही मोठा कणखर गडी! घाला की मग तोंडात, हातात धरून काय आरती करणार हायसा?"

आण्णा सगळ्यांकडं पाठ करून नळाशी गेले. प्लेट धुतली. माझ्या टाळूच्या मापाची ती चिमुकली प्लेट त्यांनी आपल्या तोंडात घातली आणि ओठ मिटले. बत्तीस दातांच्या भरल्या तोंडात ती कशी मावली असेल, देव जाणे.

"बरं झालं बाई, मुलगी आईवर गेली," अक्कासाहेब म्हणाल्या, आणि बायका फिसफिसल्या. धैर्यशील हसला. मी? मीही हसले. सगळे हसत होते, आणि माझे दात आता दाखवण्यासारखे होते.

त्यानंतर दोन तास आण्णा कार्यालयात ओठ आवळून बसले. कुणी काही विचारलं की नुसतं "हं" म्हणायचे. पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर त्यांनी मला जीपच्या आडोशाला बोलावलं आणि प्लेट काढून हातावर ठेवली. तारेनं त्यांचा ओठ आतून कापला होता, रुमालाला रक्त लागलं.

"गार पाण्यानं धू," ते म्हणाले. "गरम पाण्यानं वाकडी होती."

"आण्णा, तुम्ही कशाला..."

"घाल आधी. दोन तास झाले, दात मोकळे हायत."

एवढंच. पुन्हा त्या गोष्टीवर ते कधी बोलले नाहीत. पुढच्या सुट्टीला मिरजेला नेऊन त्यांनी प्लेट बसवून घेतली आणि डॉक्टरांना सांगितलं, की माझ्या हातनं दबली.

लग्न झालं. नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात प्लेट सापडली. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "आईला सांगू नको." नावात एवढं धैर्य असलेला माणूस, त्यानं आयुष्यात घेतलेला हा सर्वात धाडसी निर्णय. मग मी प्लेट लपूनछपून, जमेल तेव्हा घालायला लागले आणि पुढं तीही सुटली.

सुटली नाही ती आण्णांची कवळी. एकदा तोंडात घातली ती पंधरा वर्षं राहिली. कराडला आमच्या घरी आले की अक्कासाहेब मुद्दाम आत ओरडायच्या, "व्याह्यांना शिरा करा गं, त्यांना चावत नाही!" बापूकाका भाजलेले शेंगदाणे पुढं करून मागं घ्यायचे आणि दर वेळी तितकेच हसायचे. आण्णा भाकरी दुधात कुस्करून खायचे. हसताना ओठ मिटून हसायचे, आणि जास्तच हसू आलं तर तोंडावर हात धरायचे. तो हात मला ओळखीचा होता. माझाच होता तो.

मुलगी झाली, मृण्मयी. दहाव्या वर्षी तिचे पक्के दात यायला लागले ते एकावर एक चढून. अक्कासाहेबांनी लगेच निदान केलं, "कवळीवाल्या आजोळचं रक्त!" आण्णा समोरच बसले होते. त्या आत गेल्यावर हळूच मला म्हणाले, "वैजू, बाराव्या वर्षी लई सोपं असतं. मी नेतो पोरीला मिरजेला."

"आत्ता नको आण्णा. घरात चालणार नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि पिशवीतला ऊस काढून बसले. दर हंगामात ते नातीला ऊस आणायचे. कोयत्यानं सोलायचे, बारीक करवे करायचे, एकेक तिच्या हातात द्यायचे. स्वतः एकही तोंडात टाकायचे नाहीत.

मृण्मयी बारा वर्षांची झाली त्या वर्षी आण्णा गेले. डेपोतल्या जुन्या मित्रांशी बोलता बोलता, उभ्या उभ्या.

सकाळी विट्याच्या अंगणात त्यांना ठेवलं होतं. शिंगटे मंडळी कराडहून आली. आईनं तुळशीचं पान आणि सोन्याचा मणी आणून ठेवला. भावकीतला म्हातारा ते तोंडात घालायला वाकला, तेवढ्यात बापूकाका पुढं सरसावले.

"थांबा, थांबा. आधी कवळी काढा. तोंडात खोटी वस्तू ठेवून अग्नी देत नसतात."

आईनं माझ्याकडं बघितलं. गजराआत्या पदराआड गेली. माझा नवरा आकाशाकडं बघायला लागला. कुणी काही बोलायच्या आत बापूकाका गुडघ्यावर बसले, आण्णांचा वरचा ओठ अंगठ्यानं सरकवला आणि दात धरून ओढले.

"घट्ट बसलीय," ते म्हणाले. "अरे, फडकं द्या कुणीतरी. निसटतंय."

आणि कुणीतरी फडकं दिलं. अक्कासाहेब म्हणाल्या, "हलवून ओढा, म्हणजे येईल."

माझ्या हातावर त्या दिवशी मेंदी नव्हती. बघायला काही नव्हतं. मी पुढं गेले आणि बापूकाकांचं मनगट धरलं.

"हात काढा."

"अगं, पण कवळी..."

"हात काढा म्हणते ना! ते त्यांचे दात आहेत. बत्तीसच्या बत्तीस खरे आहेत. ती प्लेट माझी होती. दात माझे वाकडे होते. अडीच वर्षं तारा होत्या मला. आण्णा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, ते माझ्यासाठी एकदा बोलले. मी दहा पावलांवर उभी होते, आणि मी बोलू दिलं."

बापूकाकांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. अक्कासाहेबांनी तोंड उघडलं, त्यांचे ते काळे घराण्याचे दात दिसले, आणि पुन्हा मिटलं.

"वैजू, हे आत्ता कशाला? माणसं आहेत," माझा नवरा कुजबुजला.

"माणसं आहेत म्हणूनच," मी म्हणाले. "तेव्हाही होती."

म्हाताऱ्यानं तुळशीचं पान ठेवलं. आण्णांचा ओठ जरासा वर राहिला होता, सकाळचं ऊन तोंडावर होतं, आणि शिंगट्यांच्या माणसांनी ते दात पहिल्यांदाच नीट बघितले.

मृण्मयी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं आजोबांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई, आजोबांचे दात खरे होते?"

"हो."

"मग आपल्याकडं आल्यावर ते ऊस का खायचे नाहीत?"

पुढच्याच महिन्यात मी तिला मिरजेला नेलं, पण ते पुढचं झालं. त्या अंगणात मला तिला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. हात पुन्हा तोंडाकडं निघाला होता, तो मी खाली घेतला.

"माझ्यामुळं," मी म्हणाले.